एकट्यानं किल्ला लढवा: पत्त्यांचे दोन कॅट, पाच शेंगदाणे, एक चादर

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर कुणी हौसेनं घराबाहेर पडत नाही. पारा 42 च्या पुढं, घरातले सगळे आडवे झालेले, आणि पत्ते काढावेत तर समोर गडी नाही. शेजारचे काका डोकावून विचारतात, "एकट्यानं कसले पत्ते ओ? भांडणार कुणाशी?" त्यांना दाखवण्यासाठी म्हणून हा खेळ मी बसवला.

यात दोन खेळांची सांगड आहे. एक डेक-बिल्डिंग, म्हणजे हलक्या पत्त्यांनी सुरुवात करून खेळता खेळता स्वतःचा कॅट घडवायचा. 2008 साली आलेल्या 'डॉमिनियन' या पत्त्यांच्या खेळानं हा प्रकार रूढ केला. सुरुवातीला दहा पत्ते आणि हातात पाच, हे मी तिथूनच उचललंय. दुसरा टॉवर डिफेन्स. मोबाइलवर मुलं खेळतात तोच: शत्रू ठरल्या वाटेनं येतो, आपण वाटेवर बुरूज उभारून त्याला टिपायचं.

किल्ला अर्थात आपला सोलापूरचा भुईकोट. त्याच्या एका अंगाला सिद्धेश्वर तलाव आणि बाकी बाजूंना खंदक, त्यामुळं नकाशा आयताच मिळाला. शत्रूला वाटा तीनच. (खराखुरा किल्ला इंग्रजांनी जनरल मन्रोच्या हाताखाली 1818 च्या मे महिन्यातच घेतला. तेव्हा हरलात तर फार मनाला लावून घेऊ नका.)

मांडणी

खाली चादर अंथरा. फरशीवर गुळगुळीत पत्ते सरकतात, सोलापुरी चादरीवर ते जागचे हलत नाहीत. पंखा बंद ठेवणं शक्यच नाही, म्हणून गड्ड्यांवर एकेक चमचा ठेवा. चादरीवर तीन वाटा कल्पा: डावी, मधली, उजवी. प्रत्येक वाटेवर तीन टप्पे: माळ, खंदक, तट. तटामागं प्रत्येक वाटेसाठी बुरुजाची एक जागा मोकळी सोडा. किल्ल्याचा जीव म्हणजे पाच शेंगदाणे.

पत्त्यांचे दोन कॅट लागतात, पाठी वेगवेगळ्या रंगांच्या हव्यात. समजा निळा आपला, लाल शत्रूचा.

निळ्यातून चार दुर्र्या, चार तिर्र्या आणि दोन एक्के घ्या. हे तुमचे पहिले दहा पत्ते. एक्क्याची किंमत इथं एकच. चौकीपासून दश्शीपर्यंतचे सगळे पत्ते आणि चारही गुलाम एकत्र पिसून बाजाराचा गड्डा करा, वरचे पाच उघडे मांडा. राहिलेले पत्ते डब्यात.

लाल कॅटमधून दुर्री ते छक्की पिसून त्यातले आठ घ्या, ते सगळ्यात वर. त्याखाली सत्ती ते दश्शी असे सोळा, तेही पिसून. तळाशी इस्पिक, बदाम आणि किलवरचे राजे, प्रत्येकी 15 ताकदीचे.

एक फेरी

1. मैदानातला प्रत्येक शत्रू एक टप्पा पुढं सरकतो. तटावरचा आत शिरला की एक शेंगदाणा गेला. राजा शिरला तर दोन.
2. नवा शत्रू माळावर येतो. इस्पिक डावीकडं, बदाम मध्ये, किलवर उजवीकडं. चौकटला स्वतःची वाट नाही, तिकडं तलाव. तो जिथं गर्दी कमी तिथं घुसतो. पहिल्या आठ फेऱ्या एकेक शत्रू, पुढच्या आठ फेऱ्या दोन-दोन आणि सतराव्या फेरीत तिन्ही राजे एकदम.
3. पाच पत्ते हातात घ्या. प्रत्येक पत्ता एकतर गोळी, नाहीतर पैसा. शत्रूच्या ताकदीइतकी गोळी एकाच फेरीत लागली तरच तो मरतो, अर्धवट जखम धरायची नाही. पैशानं बाजारातला पत्ता त्याच्या आकड्याच्या भावात घ्या. गुलाम सहाला, तो खेळलात की आणखी दोन पत्ते ओढा.
4. हवं तर हातात उरलेला एक पत्ता बुरुजावर चढवा. पुढच्या फेरीपासून तो त्या वाटेवरच्या सगळ्यात पुढच्या शत्रूवर निम्म्या ताकदीनं मारा करतो. निम्मा करताना अपूर्णांक सोडून द्या. तिथं आधीचा पत्ता असेल तर तो डब्यात जातो.
5. वापरलेले, न वापरलेले आणि विकत घेतलेले पत्ते टाकलेल्या ढिगात टाका. बाजाराच्या मोकळ्या जागा भरा. गड्डा संपला की ढीग पिसून नवा गड्डा करा.

शत्रूचे सगळे पत्ते येऊन गेले आणि मैदान साफ झालं की जिंकलात.

उदाहरण

पहिला हात: 3, 3, 2, 2, 1. डावीकडं माळावर इस्पिकची पंजी. नवखा माणूस घाईनं तिला मारतो. तसं करू नका, ती आत यायला अजून तीन फेऱ्या आहेत. 3+3+2+1 करून बाजारातली नव्वी उचला आणि उरलेली दुर्री डाव्या बुरुजावर चढवा. पहिल्या दोन हातांची बेरीज नेहमी 22 च असते, त्यामुळं दुसरा हातही 11 चा येणार: पुन्हा 3, 3, 2, 2, 1. आता पंजी खंदकात आहे. बुरुजाचा एक, हातातले 3 आणि 1, झाली गार. उरलेल्या सातात सत्ती घ्या.

खरी गोम बुरुजातच आहे. पत्ता वर चढला की तो तुमच्या कॅटमधून कायमचा गेला. म्हणून सुरुवातीला बुरूज म्हणजे अडगळ काढायची जागा समजा. तिर्री चढवू नका, तिचा मारा दुर्रीइतकाच, म्हणजे एकच. एक्क्याचा निम्मा तर शून्य. तरी तोही चढवावा, कारण हातात तो एक जागा फुकट अडवतो.

दश्शीचं मात्र कोडं आहे. कॅट पंधरा पत्त्यांचा असेल तर ती साधारण तीन फेऱ्यांत एकदा हाती येते आणि दहा मारते. बुरुजावर तीच तीन फेऱ्यांत पंधरा मारेल, पण त्या वाटेवर शत्रू असेल तरच. मी ती मैदान रिकामं असताना कधीच चढवत नाही. राजे माळावर आले की लगेच चढवतो.

बाजारात दिसेल ते घेण्याचा मोहही आवरा. स्वस्त म्हणून चार चौक्या घेतल्या की नव्वी हाताला लागेनाशी होते. पहिल्या आठ फेऱ्यांत पाच-सहा चांगले पत्ते पुरतात, त्यात एखादा गुलाम असावाच.

लागोपाठ दोनदा जिंकलात तर चार शेंगदाण्यांवर खेळा. चारवर मी आजवर एकदाच जिंकलोय, आणि ते बघायला काका नव्हते.