मेळघाटात वणव्याचा अंदाज कसा बांधायचा

मी आधी आभाळाकडे नाही, पायाखाली बघतो. उन्हाळ्याच्या तोंडावर सागाचा पाला जमिनीवर साचलेला असतो. मूठभर उचलून चुरगाळा. कडकन मोडून भुगा झाला तर धोका. चामट वाकला तर आज निवांत झोपा. खालच्या थरातलाही पाला घ्या, दव पडलं की वरचा फसवतो. वाळलेलं गवत तासाभरात हवेतला ओलावा घेतं-सोडतं, जाड ओंडक्याला आठवडे लागतात. म्हणून सकाळचा अंदाज दुपारी शिळा.

आर्द्रता दुपारी २-३ वाजता मोजा, तेव्हा ती तळाला असते. ३० टक्क्यांखाली सावध. २० खाली आणि वारा सुटलेला, तर जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, माणसं हवीतच. वाऱ्याच्या वेगाइतकाच उतारही बघा: चढाला दर १० अंशांमागे आग साधारण दुप्पट वेगाने पळते. दक्षिण आणि पश्चिमेकडचे उतार आधी वाळतात.

मोहफुलं पडायला लागली की मात्र आकडे बाजूला ठेवा. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि तीच आग पुढे सरकते. भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रही इशारा मोबाइलवर येतो खरा, पण तो आग लागल्यावर.