गुऱ्हाळाचे फोटो काढायला जाताना

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला गुऱ्हाळ नवं नसतं. लहानपणी मीही गरम गुळासाठी हात पुढे केलाय, काकवीची किटली सांभाळत घरी आलेय. आता शाळेत विज्ञान शिकवते आणि गेले तीन हंगाम रविवारी एकाच गुऱ्हाळघराचे फोटो काढते. माणसं, त्यांचं खाणं, त्यांची वाट असं काही स्वतःच्या हौसेनं टिपायचं असेल, तर कुठून सुरुवात करावी हे मला बरेच जण विचारतात.

आधी जागा. एसटीनं तासाभरात पोचता येईल अशीच निवडा. लांबच्या डोंगरात आपण एकदा जातो आणि पाहुण्याचे फोटो घेऊन येतो. इथं दहा-बारा वेळा जायचंय, कारण लोक खरे दिसायला लागतात ते चौथ्या-पाचव्या खेपेपासून. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं केलेलं काम जरूर पाहा, म्हणजे पुन्हा पुन्हा जाण्यानं काय मिळतं ते कळेल.

मग विषय बारीक करा. ‘कोल्हापुरी गूळ’ हा विषय अफाट आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरीची पेठ त्यात येते, २०१४ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन येतं, दरासाठीची आंदोलनं येतात. मी वहीत एकच ओळ लिहिली: एका आधणाला, म्हणजे रसाच्या एका खेपेचा गूळ व्हायला, किती हात लागतात? रविवारी सकाळी गेल्यावर काय काढायचं, याचं उत्तर ती ओळ देते.

पहिल्या दोन खेपांना कॅमेरा पिशवीत ठेवा आणि काम शिकून घ्या. घाण्यातून रस निघतो, तो काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत जातो. खालच्या भट्टीत, म्हणजे चुलवाणात, उसाची वाळलेली चिपाडं सारली जातात. रस तापला की भेंडीच्या ताटांचं चिकट पाणी टाकतात, त्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. मग रस आटत जातो, रंग बदलतो, बुडबुडे जाड होतात. साधारण ११८ अंशांना गूळ होतो, पण गूळ करणारा कारागीर, गुळव्या, तापमापक वापरत नाही. थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो. जमली की काहील उतरते, पाक गार करायच्या उथळ वाफ्यात ओतला जातो, घोटला जातो, मग रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, बांधतात. या सगळ्याला अडीच-तीन तास लागतात. हा क्रम पाठ असेल तर महत्त्वाच्या क्षणी तुम्ही योग्य जागी उभे असता. नसेल तर नुसते वाफेमागे धावता.

परवानगीबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. मालकानं हो म्हटलं म्हणजे कामगारांनी हो म्हटलं असं होत नाही. मालकासमोर कुणी नकार देणार नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळं, चहाच्या वेळी, कॅमेरा खाली ठेवून विचारा. चिपाडं वाळत घालणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, “तोंड नको, हात काढ.” तीन वर्षं मी त्यांचे हातच काढतेय. उसाच्या पातीनं चिरलेली ती बोटं माझ्या सगळ्या कामातली सर्वांत बोलकी चौकट आहे. मुलांचा चेहरा मी आई किंवा वडील जवळ असल्याशिवाय घेत नाही.

आता तंत्र. पहाटेच्या थंडीतून थेट वाफेत शिरलात तर लेन्सवर लगेच धुकं बसतं. कॅमेरा बंद पिशवीतच आत न्या, अर्धा तास तसाच राहू द्या, मग काढा. पांढऱ्या वाफेनं चौकट भरली की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फोटो काळपट येतो, तिथं एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट, वाढवा. उलट चुलवाणाच्या तोंडाशी जाळावर प्रकाशाचं मोजमाप करा, चेहऱ्याची एक बाजू अंधारात गेली तर जाऊ द्या. वाफ उठून दिसायला प्रकाश तिच्या मागून आणि पार्श्वभूमी गडद हवी, म्हणून मी सकाळी उन्हाकडे तोंड करून उभी राहते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातलं रंगांचं संतुलन, ऑटोवर ठेवू नका. हिरवट रसापासून सोनेरी पाकापर्यंतचा रंगबदल हीच गोष्ट आहे आणि ऑटो ती पुसून टाकतं. त्याचा एक केल्व्हिन आकडा ठरवा आणि आधण संपेपर्यंत बदलू नका. फ्लॅश नकोच. एक ३५ मिमीची लेन्स पुरते, मोबाइलही चालेल. काहील उतरताना मात्र मागं सरा. उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून राहतो, आणि तुमच्यामुळे कुणाचा पाय अडखळायला नको.

खाण्याचे फोटो काढताना ताट सजवू नका, हलवूही नका. तिथं जेवणाची वेळ घड्याळ ठरवत नाही, काहील ठरवते. दोन आधणांच्या मध्ये भाकरी, खर्डा, कांदा, आणि चिपाडाच्या ढिगाची सावली. ताट कशावर ठेवलंय, कोण आधी जेवतं, कोण उभ्यानं खातं, हे बघा. घास तोंडात असताना शटर दाबू नका. आणि तुमच्या हातावर भाकरी ठेवली तर कॅमेरा बाजूला ठेवून जेवा.

त्याच संध्याकाळी वही भरा: नाव, गाव, काम, कानावर पडलेलं एखादं वाक्य. फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

निवड मी संगणकावर करत नाही. पहिल्या हंगामानंतर दोनशे फोटो पोस्टकार्डाएवढे छापून खोलीभर पसरले. साठांत जाळ आणि वाफ होती. चिपाडं पसरणाऱ्या बायका अवघ्या दोन फोटोंत होत्या, त्याही लांबून. दिवसभर उन्हात वाकणाऱ्या माणसांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं, कारण तिथं वाफ नव्हती. पुढचा हंगाम मी बहुतेक अंगणातच काढला. तुम्हीही छापून पसरा. जे नाही ते जमिनीवर लगेच दिसतं.

आणि छापलेले फोटो परत घेऊन जा. ज्याचा त्याला द्यायचा एक, शिवाय सगळा गठ्ठा बघायला. मी हे दुसऱ्या हंगामाच्या शेवटी केलं, पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं. गुळवे काकांनी हात पुसले, एकेक फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, “बाई, समदं काढलंय तुम्ही. पर गूळ झाला कवा, ते कुठं दिसतंय?”

गोळी बघतानाचा हात माझ्याकडे नव्हता. दर वेळी मी त्या क्षणी काहील उतरताना टिपायला पलीकडे पळत होते. पुढच्या रविवारी पहिल्या आधणापासून त्या पाण्याच्या भांड्याशेजारीच उकिडवी बसले, शटर सेकंदाच्या एक अडीचशेवर ठेवून.