जुन्या लायबिलिटी पॉलिसीतून प्रदूषण-सफाईचा खर्च कसा काढायचा

अमेरिकेत जमिनीतली किंवा भूजलातली रसायनं साफ करायची नोटीस आली की बहुतेक मालक आधी चालू वर्षाची पॉलिसी उघडतात. तिथे सहसा काही हाती लागत नाही, कारण १९८६ पासून सर्वसाधारण लायबिलिटी पॉलिसींच्या (दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी उचलणाऱ्या विम्याच्या) छापील मसुद्यात प्रदूषणाचं जवळजवळ सरसकट अपवाद-कलम आलं. पैसे असलेच तर त्याआधीच्या पॉलिसींत असतात.

त्या पॉलिसी घटनेवर आधारलेल्या होत्या. नुकसान ज्या काळात झालं, त्या काळची पॉलिसी लागू होते. दावा आज आला तरी. म्हणजे १९६८ साली ड्रायक्लीनिंगच्या दुकानातलं परक्लोरोइथिलीन गळून भूजलात उतरलं असेल, तर १९६८ ची पॉलिसी अजून जिवंत आहे, आणि रसायन जितकी वर्षं पसरत राहिलं त्यातल्या प्रत्येक वर्षाची पॉलिसी तपासायला हवी. प्रदूषित जागा साफ करून घेणाऱ्या १९८० च्या सुपरफंड कायद्याची जबाबदारी मागच्या काळालाही लागते, चूक नसली तरी लागते, आणि नुकसान वाटून दाखवता आलं नाही तर अख्खा खर्च एकट्याच्या गळ्यात पडू शकतो. म्हणून ही शोधाशोध करायचीच.

पॉलिसी हाती आली की आधी वर्ष बघा. साधारण १९७० ते १९८५ मधल्या पॉलिसींत प्रदूषण वगळलेलं असतं, पण ते ‘अचानक आणि अपघाताने’ झालं असेल तर संरक्षण राहतं. सगळा झगडा ‘अचानक’ या शब्दावर. काही राज्यांची न्यायालयं त्याचा अर्थ ‘अनपेक्षित’ एवढाच घेतात, काही ‘झटक्यात घडलेलं’ असा घेतात. हळूहळू झिरपलेल्या टाकीचा दावा दुसऱ्या अर्थात बसत नाही. त्याआधीच्या पॉलिसींत बहुधा हे कलमच नसतं, म्हणून साठीच्या दशकातला एक कागद ऐंशीच्या दशकातल्या पाच कागदांपेक्षा मोलाचा ठरू शकतो. १९८६ नंतरच्या पॉलिसीही न वाचता फेकू नका. इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पेट्रोल पंपाच्या एका खटल्यात हे अपवाद-कलम संदिग्ध ठरवून विमा कंपनीच्या विरोधात निकाल दिला होता.

मूळ पॉलिसी सापडत नाही, ही नेहमीची रड. ती नसली तरी दुय्यम पुराव्यावर तिचं अस्तित्व आणि अटी सिद्ध करता येतात. स्वतःच्या दप्तरात खतावणी, संचालक मंडळाची इतिवृत्तं, हप्त्याचे वटलेले चेक आणि जुन्या अपघात-दाव्यांच्या फायली बघा. पण खरी खाण बाहेर असते: ब्रोकर, घरमालक, कर्ज देणारी बँक, कंत्राट देणारं सरकारी खातं. विम्याचं सर्टिफिकेट ब्रोकर देतो, आणि बाकीच्यांनी बहुधा तुमच्याकडून ते मागून घेतलेलं असतं. त्या एका पानावर कंपनी, पॉलिसी क्रमांक, मुदत आणि मर्यादा एवढं सगळं असतं. क्रमांकाच्या सुरुवातीची अक्षरं जशीच्या तशी टिपा. त्यांवरून बऱ्याचदा पॉलिसीचा प्रकार कळतो. वरच्या थराची, म्हणजे प्राथमिक पॉलिसीची मर्यादा संपल्यावर लागू होणारी अम्ब्रेला पॉलिसी सापडली तर तिला जोडलेली खालच्या पॉलिसींची यादी आधी उघडा, कारण हरवलेली प्राथमिक पॉलिसी तिथे बहुधा नाव-क्रमांकासकट नोंदलेली असते. क्रमांक आणि वर्ष मिळालं की त्या काळचा छापील नमुना जोडून अटी दाखवता येतात. हे काम करणारे विमा-पुरातत्त्वाचे व्यावसायिकही आहेत.

विमा कंपनीचं नाव आज अस्तित्वात नसलं तरी थांबू नका. विलीनीकरणात ते दायित्व बहुधा दुसऱ्या कुणाकडे गेलेलं असतं. राज्याच्या विमा खात्याकडे माग काढता येतो. कंपनी बुडाली असेल तर राज्याच्या हमी निधीचं दार आहे, पण तिथली मर्यादा छोटी आणि मुदती कडक.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. नोटीस येताच सल्लागार नेमून विहिरी खोदल्या, माती उचलली, आणि विमा कंपनीला वर्षभराने कळवलं, तर आधीचा खर्च ‘संमतीशिवाय स्वतःहून केलेला’ म्हणून बऱ्याच राज्यांत बुडतो. उशिरा कळवल्यामुळे अख्खा दावाही नाकारला जाऊ शकतो. म्हणून पत्र आलं त्याच आठवड्यात, पुरावा अर्धवट असला तरी, सापडलेल्या प्रत्येक पॉलिसीच्या कंपनीला, प्राथमिक आणि वरच्या थरालाही, पोच मिळेल अशा रीतीने लेखी कळवा. सरकारी पत्राची प्रत जोडा आणि बचावाची जबाबदारी घ्या अशी स्पष्ट मागणी करा. पत्रात गळतीच्या कारणाबद्दल अंदाज लिहू नका. ‘वर्षानुवर्षं सांडत होतं’ हे एक वाक्य ‘अचानक’चा मुद्दा घालवतं.

उत्तरात बहुधा ‘हक्क राखून’, म्हणजे पुढे नकार द्यायची मोकळीक ठेवून, बचाव स्वीकारल्याचं येतं. तेही चांगलं, कारण जुन्या प्राथमिक पॉलिसींत बचावाचा खर्च सहसा मर्यादेतून वजा होत नाही. मात्र बचावाची जबाबदारी सहसा खटला दाखल झाल्यावर येते, आणि नुसतं सरकारी पत्र म्हणजे ‘खटला’ का, यावर राज्यागणिक उत्तर बदलतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली नाही म्हटलं. दुसरी हरकत असते ‘स्वतःची मालमत्ता’ वगळल्याची. तिथे भूजलाचे नमुने कामी येतात, कारण बऱ्याच न्यायालयांत भूजल मालकाची खासगी मालमत्ता धरलं जात नाही.

पैशाचं वाटप कसं होतं ते आकड्यात बघा. नुकसान २४ वर्षं चाललं, सफाईला २४ लाख डॉलर लागले आणि पॉलिसी ९ वर्षांच्याच मिळाल्या. वर्षांच्या प्रमाणात वाटप करणाऱ्या राज्यात या पॉलिसींच्या वाट्याला ९ लाख येतात. उरलेल्या वर्षांचा भार बऱ्याचदा तुमच्यावर. ‘संपूर्ण रक्कम’ पद्धतीच्या राज्यात एकच पॉलिसी निवडून तिच्या मर्यादेपर्यंत सगळं मागता येतं. त्यामुळे आणखी एक वर्ष शोधायला किती खर्च करावा, हे आधी राज्य बघून ठरवा.

तडजोडीच्या वेळी कंपनी पॉलिसी परत विकत घ्यायला बघते, म्हणजे फक्त या जागेचे नव्हे तर सगळ्या जागांचे, पुढचेही दावे सोडून द्या म्हणते. सही करण्यापूर्वी कंपनीच्या प्रत्येक जुन्या जागेची आणि कचरा टाकलेल्या प्रत्येक ठिकाणाची यादी काढा. जिथे अजून कुणी खणून बघितलेलं नाही त्या जागांची किंमत धरा, नाहीतर सुटकेचा मजकूर याच एका जागेपुरता लिहून घ्या.