बेटावरच्या सुट्टीत या चुका टाळा: आधी भरतीची वेळ बघा, मग बेत आखा

दुपारी दोनला कायाक पाण्यात ढकलली तेव्हा पाणी कमरेएवढं होतं. आम्ही दोघं खारफुटीच्या कडेकडेने वल्हवत गेलो. पाचच्या सुमाराला परतलो, तर आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये पाणीच नव्हतं. दोन-तीनशे मीटर नुसता चिखल आणि त्यात रुतलेले प्रवाळाचे धारदार तुकडे. कायाक ओढत, अनवाणी, एकेक पाऊल चाचपत किनारा गाठायला पाऊण तास गेला. शेवटचा टप्पा तर पार अंधारात. राहत्या जागी भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक लावलेलं होतं. ते सकाळी मी पाहिलंही होतं, पण ते कोळ्यांसाठी असावं असं समजून पुढे गेलो होतो.

उष्ण कटिबंधातल्या बेटांवरच्या सुट्ट्या बहुतेक अशाच बिघडतात. शहर बघायला निघावं तसा आपण बेत आखतो: दहाला हे, बाराला ते, चारला आणखी काही. बेटावर मात्र कुठली गोष्ट किती वाजता जमेल, हे पाणी, वारा आणि ऊन ठरवतं. त्यांच्या वेळा आधी लिहून काढल्या आणि आपला बेत त्यात बसवला, की खालच्यातल्या निम्म्या चुका होतच नाहीत.

कालचीच वेळ आजही धरणं

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. हे चक्र २४ तास ५० मिनिटांचं असल्यामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. सोमवारी सकाळी आठला स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून, तोंड पाण्यात घालून तरंगणं) झकास झालं म्हणून शुक्रवारीही आठलाच गेलात, तर एव्हाना भरती तीन तासांहून जास्त पुढे सरकलेली असते. जिथे माशांवरून तरंगत गेलात, तिथेच आता पोट प्रवाळाला घासतं.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि प्रवाहही जोरात वाहतात. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा हा फरक कमी राहतो. घरातलं कुणी पहिल्यांदाच समुद्रात उतरणार असेल, तर तारखा पक्क्या करण्याआधी तिथी जरूर बघा. भांगाचे दिवस नवख्यांना सोपे जातात.

कशासाठी कुठली वेळ, हे थोडक्यात सांगतो. उथळ प्रवाळावर तरंगायचं असेल तर भरती पूर्ण होण्याच्या आधीचा तासभर गाठा. पाणी पुरेसं खोल असतं आणि बाहेरच्या समुद्रातून आलेलं असल्याने बहुधा नितळही असतं. खडकांतल्या डबक्यांमधले खेकडे, तारामासे, समुद्रकाकड्या बघायच्या असतील तर ओहोटीला जा. खारफुटीत कायाक न्यायची असेल तर चढत्या पाण्यात न्या. कुठे गाळात अडकलात तरी पंधरा-वीस मिनिटांत पाणीच तुम्हाला उचलून देतं. उतरत्या पाण्यात अडकलात तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. भर समुद्रात उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर जाताना बोट तिथेच थांबणार का, हे आधी पक्कं विचारा.

वाऱ्याची दिशा न बघता पाण्यात उतरणं

दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात. म्हणून दुपारी पाण्यावर लाटा उठतात, वाळू ढवळली जाते आणि पाण्याखालचं दिसेनासं होतं. पाण्यातलं सगळं काही सकाळी उरकावं आणि दुपार सावलीसाठी ठेवावी, हा साधा नियम बहुतेक बेटांवर चालतो.

मात्र खरा धोका असतो तो जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात. तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी आरशासारखं शांत दिसतं. हवेने फुगवलेल्या गाद्या, रबरी नळ्या, उभ्याने वल्हवायचे बोर्ड घेऊन लोक निर्धास्त उतरतात आणि बघता बघता शंभर-दोनशे मीटर आत जातात. फुगवलेली वस्तू वाऱ्याला शिडासारखी लागते. हाताने वल्हवून ती वाऱ्याविरुद्ध परत आणता येत नाही. मूल अशा गादीवर असेल तर गादीला दोरी बांधलेली हवी आणि दोरीचं टोक मोठ्या माणसाच्या हातात. कायाक असेल तर सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करा, म्हणजे दमल्यावर परतताना वारा मदतीला असेल.

संध्याकाळचंही भान ठेवा. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. सूर्यास्त बघून निघू म्हणालात, तर पाऊण रस्ता काळोखात जातो.

‘त्या बेटावर पाऊस कधी असतो?’ एवढंच विचारणं

एकाच बेटाच्या दोन बाजूंना दोन ऋतू असू शकतात. हवाईच्या मोठ्या बेटावर पूर्वेच्या हिलोला वर्षात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच बेटाचा पश्चिमेकडचा कोना किनारा कोरडा असतो, कारण व्यापारी वारे मधल्या डोंगरांवर आपलं पाणी टाकून पलीकडे जातात. थायलंडमध्ये फुकेतला मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, तर पलीकडच्या आखातातल्या को समुईला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. म्हणून देशाचा नाही, बेटाच्या त्या बाजूचा महिना विचारा. कॅरिबियनला जाणाऱ्यांनी १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम लक्षात ठेवावा.

मास्क गळतोय, धुकं धरतंय

स्नॉर्केलिंगला घाबरणारी जी माणसं मी पाहिली, त्यांतली बरीचशी समुद्राला घाबरत नव्हती. त्यांच्या नाकात पाणी जात होतं, आणि त्याचं कारण मास्क होतं. म्हणून इथे जरा थांबतो.

भाड्याचा मास्क घेताना पट्टा मागे टाकून मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. खाली पडला तर दुसरा मागा, मागायला संकोच करू नका. पट्टा करकचून आवळला की गळती थांबते हा गैरसमज आहे. उलट कडेचं सिलिकॉन मुडपतं आणि पाणी जास्तच शिरतं. कपाळावरची एखादी बट कडेखाली गेली असेल तरी मास्क गळतो. मिशा असतील तर नाकाखाली बारीक फट राहते. तिथे व्हॅसलीनचा पातळ थर लावला की बहुतेक वेळा काम भागतं. चष्मेवाल्यांनी चष्म्यावर मास्क चढवायचा प्रयत्न करू नये, कारण दांडीमुळे फट राहतेच. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. ते नेणार त्या ठिकाणी आहेत का, हे आधी विचारून ठेवा.

काचेवर धुकं धरत असेल तर कोरड्या काचेवर आतून थुंकी किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब चोळा, समुद्राच्या पाण्याने एकदाच विसळा आणि लगेच मास्क चढवा. मास्क कोरा करकरीत असेल तर काचेवर कारखान्यातला थर असतो, तो टूथपेस्टने घासून काढावा लागतो. मास्क कपाळावर चढवून गप्पा मारायची सवय सोडा. घामाच्या वाफेने तो पुन्हा धूसर होतो.

आणि पहिली दहा मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात. नुसतं वाकून तोंड पाण्यात घाला आणि तोंडाने सावकाश श्वास घ्या. नळीत पाणी शिरलं तर जोरात ‘टू’ म्हणत फुंका, पाणी वरून उडून जातं. हे दोन-चारदा जमलं की मगच पाय सोडा. पोटरीत गोळा आला तर फिनचं (पायात घालायच्या रबरी पंखाचं) टोक हातात धरून स्वतःकडे ओढा.

ओढ लागली की किनाऱ्याकडे झुंजत राहणं

फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत मध्येच एखादी शांत, गडद पट्टी दिसते. लाटा नाहीत म्हणून लोक नेमके तिथेच उतरतात. पण लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी अनेकदा त्याच वाटेने परत आत जात असतं. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर जाऊ शकतो. एवढ्या वेगाविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, फक्त आत नेते. सरळ किनाऱ्याकडे पोहण्यात दम घालवू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्टीतून बाहेर पडा. मग लाटांबरोबर तिरपे या.

प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या शांत खाजणातही हे घडतं. आत साठलेलं पाणी ओहोटीला कड्यातल्या खिंडींमधून बाहेर पडतं, आणि त्या खिंडीच्या तोंडाशी ओढ फार असते. ती खिंड कुठे आहे, हे तिथल्या बोटवाल्याला बोटाने दाखवायला सांगा.

पाठ उघडी ठेवून तरंगणं

पाणी गार, वर वारा, त्यामुळे ऊन लागतंय हे कळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अर्धा मीटर खोलीवरही अतिनील किरणांची तीव्रता पृष्ठभागाच्या ४० टक्के असते; पातळ ढगांतूनही ती बरीचशी खाली येते. मी पहिल्यांदा दीड तास उघड्या पाठीने तरंगलो. पुढच्या तीन रात्री पालथं झोपावं लागलं आणि राहिलेले दिवस पाण्यात उतरताच आलं नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. पाठ, मान, गुडघ्यामागची लवण आणि डोक्यावरचा भांग या भाजणाऱ्या खास जागा.

सनस्क्रीन लोक फार कमी लावतात. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला सुमारे ३० मिलिलिटर लागतं. उन्हात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावायचं आणि दर दोन तासांनी, तसंच पाण्यातून आल्यावर, पुन्हा. विकत घेताना घटक वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट प्रवाळाला घातक ठरतात म्हणून ते असलेली सनस्क्रीन विकायला हवाईने १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. पलाऊने त्याच्या वर्षभर आधीच १ जानेवारी २०२० पासून अशा दहा घटकांना मनाई केली. झिंक ऑक्साइडवालं बघून घ्या.

प्रवाळावर उभं राहणं, अनवाणी चालणं

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तो जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. गोल, भरीव जातीचे प्रवाळ वर्षात जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वाढतात. दम लागला म्हणून कुणी त्यावर दोन्ही पाय रोवले की कित्येक वर्षांची वाढ तिथल्या तिथे मोडते. पाण्यात विसावायचं असेल तर लाइफ जॅकेट घालून पाठीवर पडा. प्रवाळाने खरचटलं तर जखम लहान दिसली तरी स्वच्छ पाण्याने आणि साबणाने नीट धुवा, कारण आत बारीक कण राहतात आणि ती चिघळते.

उथळ वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत दडलेले पाकट बाजूला होतात. पाकट किंवा दगडमासा टोचला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. उत्तर ऑस्ट्रेलियात बॉक्स जेलीफिशसाठी किनाऱ्यावरच व्हिनेगर ठेवलेलं असतं, पण ते प्रत्येक जातीला चालत नाही. जीवरक्षकाला विचारूनच उपाय करा.

डायव्हिंग शेवटच्या दिवसावर ढकलणं

स्कुबाने, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात उतरण्याने, शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच साधा डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह असतील तर १८ तास मध्ये हवेत. उंच डोंगरालाही हेच लागू: हवाईच्या सुमारे ४२०० मीटर उंच मौना केआवर डाइव्हनंतर २४ तास जाऊ नका असं बजावलं जातं. म्हणून डायव्हिंग आधी, डोंगर आणि जंगल नंतर.

परतीच्या विमानाच्या दिवशीच लहान बेटावरून बोटीने निघणं ही अशीच एक चूक. वारा वाढला की बोटी बंद होतात. मालदीवमधली समुद्री विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. संध्याकाळी मालेला उतरलात तर ती रात्र तिथेच काढावी लागते. शेवटची रात्र विमानतळाच्या बेटावर धरा.

राहिलं शंखांचं. जिवंत शंख उचलूच नका; कोन जातीच्या सुंदर नक्षीच्या शंखांपैकी काहींचा दंश माणसाचा जीव घेऊ शकतो. प्रवाळाचे तुकडे आणि काही मोठे शंख नेण्यावर आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि विमानतळावर विचारणा होते. रिकामा दिसणारा शंखही नीट बघा. आमच्या लेकीने एक शंख हौसेने आणून टेबलावर ठेवला होता. रात्री दिवा घालवल्यावर खुडखुड ऐकू आली. दिवा लावला तर शंख टेबलाच्या कडेपर्यंत पोचलेला, आणि त्याच्या तोंडातून खेकड्याचे दोन डोळे बाहेर. चपला घालून, टॉर्च घेऊन आम्ही तिघं खाली उतरलो आणि तो जिथून उचलला होता, त्या खडकापाशी लेकीने त्याला सोडलं.