खुराक बदलण्याआधी गोठ्याचं घड्याळ तपासा

दुधाची फॅट घसरली, गाईनं आंबोण (पेंड-भरड्याचं मिश्रण) खायचं टाकलं, व्यायल्यावर दूध चढेना, की आपल्याकडे पहिला हात पेंडीच्या पोत्याला जातो. कंपनी बदलायची, नाहीतर किलोभर जास्त घालायची. पण वाळवा-पलूस असो की कराड-फलटण, पुष्कळ गोठ्यांत पोत्यातला माल चांगलाच असतो. चुकते ती वेळ.

गाईच्या मेंदूत उजेड-अंधारावर चालणारं एक घड्याळ असतं. यकृत आणि कास यांनाही आपापलं घड्याळ असतं आणि त्यांची वेळ बरीचशी खाण्याच्या वेळेवरून लागते. दुधातली साखर ज्या ग्लुकोजपासून बनते, ते गाईला आयतं मिळत नाही, तिचं यकृत ते तयार करतं. वैरण, धार आणि अंधार रोज ठरल्या वेळी आले की ही सगळी कामं एकमेकांना धरून चालतात. आज सहाला, उद्या आठला असं झालं की गाय खाते तेवढंच, पण अंगी लागत नाही.

गाईचा स्वतःचा दिवस ठरलेला असतो. मोठं खाणं पहाटे आणि दिवस मावळताना. दिवसभरात 12 ते 14 तास बसणं. 7 ते 9 तास रवंथ, त्यातला बराचसा रात्री. अंगाचा तापही दिवसभर सारखा नसतो: पहाटे सर्वांत कमी, संध्याकाळी सर्वांत जास्त, आणि फरक साधारण अर्धा अंश सेल्सिअसचा. म्हणून थर्मामीटर रोज एकाच वेळी लावावा, नाहीतर संध्याकाळचा साधा आकडा बघून उगाच घाबरायला होतं.

आंबोण: एका घमेल्यात चार किलो नको

पहाटे गाय रिकाम्या पोटी उभी असते. धार काढायला बसताना तिच्यापुढे चार किलो मिश्रणाचं घमेलं येतं आणि ती दहा-पंधरा मिनिटांत ते संपवते. मका आणि गोळी पेंडीतला स्टार्च पोटात झपाट्यानं आंबतो आणि आम्ल साठतं. ते मोडायचं काम लाळेतला सोडा करतो. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गाळते, पण ती सुटते वैरण चावताना आणि रवंथ करताना. पेंड चावावीच लागत नाही, म्हणजे आम्ल आलं आणि लाळ आलीच नाही. तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात आणि फॅट उतरते. शेण पातळ, बुडबुड्यांचं पडतं, त्यात मक्याचे अख्खे दाणे दिसतात. पुढे काही आठवड्यांनी गाय खुरात लंगडायला लागते, आणि तेव्हा कोणाला पेंडीची आठवण होत नाही.

उपाय असा. धारेआधी पाऊण-एक तास कुट्टी केलेली वैरण टाका: कडबा, मका, मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण), जे असेल ते. दिवसाला 8 किलो मिश्रण बसत असेल तर ते 2-2 किलोचं चार वेळा द्या: पहाटे साडेपाच, सकाळी नऊ, संध्याकाळी साडेपाच, रात्री नऊ. चार वेळा जमत नसेल तर तीन वेळा करा आणि उरलेलं मुरघासात कालवा. वाढवायचं असेल तेव्हा तीन-चार दिवसांनी अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. खायचा सोडा मिश्रणाच्या दीड टक्का, म्हणजे 8 किलोला 120 ग्रॅम. पण सोडा हा नुसता टेकू आहे. वेळ तशीच ठेवून सोडा वाढवत गेलं तर काही साधत नाही.

वैरण आणि रात्र

एकदा पहाटे चार वाजता गव्हाणीत बॅटरी मारून बघा. गव्हाण चाटून-पुसून लख्ख असेल तर गाय बराच वेळ उपाशी आहे. अशी गाय सकाळी जे पुढे येईल त्यावर तुटून पडते, आणि आंबोणाचा घोटाळा इथूनच सुरू होतो. पहाटे गव्हाणीत रात्रीच्या वैरणीतली थोडी, शंभर किलोत तीन ते पाच किलो, उरलेली दिसली पाहिजे.

उन्हाळ्यात हे आणखी महत्त्वाचं. खाल्ल्यावर तीन-चार तासांनी पोटातल्या आंबण्याची उष्णता सर्वांत जास्त असते. अकराला पोटभर वैरण घातली तर ती उष्णता नेमकी दुपारी दोन-तीनला, उन्हाच्या तडाख्यात अंगावर येते. खटाव-माण, जत, आटपाडीकडे मार्च ते मे दिवसाच्या वैरणीचा 60 टक्के वाटा संध्याकाळी सहानंतर द्यावा आणि सकाळचा आठच्या आत संपवावा. पाणी मात्र चोवीस तास पुढे हवं. दुभत्या गाईला दुधाच्या प्रत्येक लिटरमागे तीन ते पाच लिटर पाणी लागतं, आणि धारेनंतर ती सर्वांत जास्त पिते.

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या मोळ्या येतात आणि चार-पाच महिने गोठा त्यावरच चालतो. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. हिरव्या वैरणीतला तिसरा हिस्सा एवढंच वाढं ठेवा, तेही कुट्टी करून, आणि खनिज मिश्रण रोज द्या. व्यायला आलेल्या आणि नुकत्याच व्यायलेल्या गाईपुढे तर ते कमीच हवं. मजूर मोळ्या टाकतील तेव्हा वैरण, असं न करता मोळी बाजूला ठेवून ठरल्या वेळीच घाला.

उजेड

दुभत्या गाईला 16 तास उजेड आणि 8 तास सलग अंधार मानवतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस 11 तासांचा असतो, म्हणून पहाटे पाच ते उजाडेपर्यंत आणि मावळल्यापासून रात्री नऊपर्यंत दिवे लावा. गव्हाणीशी उभं राहून पेपर सहज वाचता आला पाहिजे, मिणमिणत्या बल्बचा उपयोग नाही. दुधात फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात.

रात्रभर ट्यूब चालू ठेवली तर मात्र सगळं फुकट जातं, कारण अंधाराशिवाय गाईच्या घड्याळाला दिवस संपल्याचं कळत नाही. शिराळा, पाटण, कराडकडे बिबट्याच्या धास्तीनं गोठ्यात रात्रभर उजेड ठेवतात. ती भीती खरीच आहे. मग दिवा गोठ्याच्या बाहेर, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा आणि गोठ्याला मजबूत जाळी मारा.

दुसरी अडचण शेतीच्या लाइटची. जिथं अजून थ्री फेज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, तिथं रात्री दोनला मोटर सुरू करायला उठलेला माणूस गोठ्याचा दिवा लावतो, जनावरं उठतात, तो दोन पेंढ्या टाकून जातो. पुढच्या आठवड्यात हेच दुपारी. गाईला हे दर आठवड्याला रात्रपाळी बदलण्यासारखं आहे. कुट्टी दिवसाच करून ठेवा, रात्री गोठ्यात जावंच लागलं तर मंद लाल झिरोचा बल्ब वापरा. गाईला लाल उजेड फारसा जाणवत नाही.

आटवलेली आणि गाभण गाय

आटवलेल्या, म्हणजे व्यायच्या आधी धार बंद केलेल्या गाईचं गणित उलटं आहे. शेवटचे दोन महिने तिला लांब रात्र हवी. 8 तास उजेड आणि 16 तास अंधार हे आदर्श प्रमाण उघड्या गोठ्यात जमणार नाही, पण दिवस मावळल्यावर तिच्या बाजूचा दिवा तरी लावू नका. लांब रात्रीत कास पुढच्या वेताची तयारी चांगली करते. जागा असेल तर तिला दुभत्या गाईंपासून वेगळी बांधा.

व्यायच्या आधीचे तीन आठवडे खुराक हळूहळू दोन-तीन किलोपर्यंत न्या. या दिवसांत मुख्य वैरण रात्री आठ-नऊला घाला. रात्री खाणाऱ्या गाई दिवसा जास्त वितात, म्हणजे अडलं-नडलं तर डॉक्टर मिळतो.

व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत कान गार पडले, चाल लटपटली, मान बरगडीवर वळवून बसली तर दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटल्याचा आजार समजा. कॅल्शियम शिरेतून सावकाश द्यावं लागतं, ते डॉक्टरांचं काम. बसलेल्या गाईला तोंडानं काही पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

मोजायचं काय, कधी

संध्याकाळच्या दुधाला फॅट सकाळपेक्षा जास्त लागते. म्हणून डेअरीची सकाळची पावती सकाळशी, संध्याकाळची संध्याकाळशी ताडून बघा. व्यायल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत फॅट एकदम चढली तर खूश होऊ नका: गाय अंगावरची चरबी जाळते आहे. आधी आंबोण टाकते, कडबा खाते, तोंडाला गोडसर वास येतो, तो कीटोसिस, म्हणजे चरबी जाळताना रक्तात कीटोन साठण्याचा आजार. थेंबभर रक्तावर कीटोन मोजणाऱ्या मीटरवर लिटरला 1.2 मिलीमोलच्या वर आकडा आला तर डॉक्टरांना सांगा. प्रोपिलीन ग्लायकॉल (यकृताला ग्लुकोज बनवायला लागणारं पातळ औषध) बहुधा दिवसातून एकदा 300 मिली, तीन ते पाच दिवस देतात. तपासणी सकाळच्या खाण्यानंतर चार-पाच तासांनी आणि दर वेळी त्याच वेळेला करा, कारण हा आकडाही दिवसभर हलतो.

आणि रात्री अकराच्या सुमारास, आवाज न करता, लाल उजेडात गोठ्यात उभे राहा. बसलेल्या दहा गाईंपैकी सहा तरी रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. एका गाईवर नजर ठेवा: गळ्यातून गोळा वर येतो, ती चावते, गिळते. एका गोळ्याला 50 ते 70 चावे हवेत. चाळीसच्या खाली असतील तर वैरण कमी पडते आहे किंवा कुट्टी फार बारीक झाली आहे. कुट्टी एक ते दोन इंचांची ठेवा.

वेळा बदलायच्या असतील तर दिवसाला 15-20 मिनिटांनीच सरकवा, आणि नव्या वेळेवर आठ-दहा दिवस गेल्याशिवाय पेंडीचं पोतं बदलू नका.