पीएमएफएमईचा अर्ज करताना: मसाला कांडप केंद्राचं उदाहरण धरून

पीएमएफएमई, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना, २०२० च्या जूनमध्ये सुरू झाली. ‘३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख’ एवढं वाक्य गावोगाव पोचलं. पण ते मिळतं कसं, हे फारसं पोचलं नाही. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच. अनुदान हातात पडत नाही. आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागतं आणि अनुदान त्या कर्जाच्या मागे येतं. म्हणून कागद तयार करायचे ते बँकेच्या नजरेतून.

समजा, मसाला कांडप केंद्राचा खर्च ६ लाख आहे. त्यातले १० टक्के, म्हणजे ६० हजार, तुमचे. उरलेले ५ लाख ४० हजार बँक कर्ज म्हणून देते. अनुदान होतं ६ लाखांच्या ३५ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. ते तुमच्या नावाने बँकेतच वेगळ्या खात्यावर जमा राहतं आणि तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. म्हणजे व्याज धरायचं ३ लाख ३० हजारांवर. कर्जाची शेवटची रक्कम मिळाल्यापासून ३ वर्षांनी, खातं नियमित असेल आणि उद्योग चालू असेल, तर हे अनुदान कर्जात वळतं होतं. मध्येच हप्ते थकले आणि खातं एनपीए झालं, म्हणजे बँकेने ते बुडीत-थकीत धरलं, तर अनुदान गेलं. हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगा, कारण हप्ता पहिल्या वर्षीच जड जातो.

खर्चाच्या यादीत जागेची किंमत धरता येत नाही. बांधकाम एकूण पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. ६ लाखांत शेडची दुरुस्ती, ओटा, फरशी मिळून दीड लाख ठीक. अडीच लाख लिहिले की प्रकरण परत. कच्च्या मालाचे पैसेही अनुदानात येत नाहीत. त्यासाठीचं खेळतं भांडवल, म्हणजे रोजच्या खरेदीचा पैसा, बँकेकडे वेगळं मागावं लागतं, आणि मसाल्याच्या धंद्यात ते विसरणं सगळ्यात महागात पडतं. मिरची हंगामात घ्यावी लागते, विक्री वर्षभर चालते. महिन्याला ५०० किलो विकायचं आणि चार महिन्यांचा साठा ठेवायचा, तर २,००० किलो मालाचे पैसे एकदम अडकतात. मशीन आलं, मिरचीला पैसे नाहीत, केंद्र बंद, हप्ता चालू, अशी वेळ यायला नको.

प्रकल्प अहवालात घट, म्हणजे मिरचीची पूड होईपर्यंत कमी होणारं वजन, स्वतः मोजून लिहा. १० किलो मिरची घ्या, देठ काढा, उन्हात वाळवा, दळून आणा आणि पूड वजन करा. हाती येईल तो आकडा खरा. इंटरनेटवरून उचललेल्या अहवालात घटच धरलेली नसते आणि नफा फुगतो. बँक अधिकाऱ्याच्या ते पटकन लक्षात येतं. क्षमतेचंही तसंच. तासाला ४० किलो दळणारं पल्व्हरायझर (पूड करणारं यंत्र) रोज ६ तास, वर्षाला ३०० दिवस चाललं तर ७२ हजार किलो होतात. एवढा माल पहिल्या वर्षी कोण घेणार? तिसरा हिस्सा धरा आणि तो माल कुठे जाईल ते नावानिशी लिहा: कोणती दुकानं, कोणता आठवडी बाजार, कोणती खानावळ.

मशीनचं कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचं हवं. त्यावर तुमचं आधारवरचं पूर्ण नाव, मोटर किती एचपीची, तासाची क्षमता आणि कर धरून एकूण किंमत असावी. मोटर ठरवण्याआधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन या. १० एचपीला थ्री फेज लागतो. शेडजवळ तो नसेल तर नव्या जोडणीचा खर्च आणि वेळ आधीच कळलेला बरा. कर्ज मंजूर होण्याआधी मशीन घेऊ नका. तुमचा १० टक्के हिस्साही रोखीने विक्रेत्याला देऊ नका. तो बँकेत भरा, बँक विक्रेत्याच्या खात्यावर पाठवते.

आता कागदपत्रं. आधार, पॅन, पासबुक या तिन्हींवर नाव सारखं हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज इथे फार अडतात, तेव्हा ही दुरुस्ती पहिली करा. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी ऑनलाइन नोंदणी, मोफत आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी फोस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर होते. जागा सासऱ्यांच्या नावावर असेल तर नमुना ८ चा (ग्रामपंचायतीतल्या मिळकत नोंदीचा) उतारा, संमतीपत्र किंवा भाडेकरार जोडा. अर्जाआधी सिबिल अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, काढा. फेडलेलं कर्ज थकीत दिसत असेल, तर त्या बँकेकडून निरंक दाखला घेऊन नोंद दुरुस्त करून घ्या. जामीन राहिलेल्या कर्जाचीही थकबाकी तुमच्या नावापुढे दिसते.

एका कुटुंबातून एकच अर्ज चालतो. कुटुंब म्हणजे तुम्ही, जोडीदार आणि मुलं. योजनेला दिलेली मुदतवाढ २०२५-२६ पर्यंतची होती, म्हणून आधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात नवे अर्ज घेतात का ते विचारा. तिथेच जिल्हा संसाधन व्यक्तीचं नाव मिळेल. ऑनलाइन अर्ज, अहवाल, बँकेचा पाठपुरावा यांत मदत करणं हे त्यांचं काम, आणि मंजूर प्रकरणामागे त्यांना मानधन शासन देतं. तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही. अर्ज जिल्हास्तरीय समितीकडून बँकेत जातो. मोठा प्रकल्प असेल तर राज्याच्या मुख्यमंत्री कृषी व अन्नप्रक्रिया योजनेचीही चौकशी करा. पण एकाच यंत्रावर दोन अनुदानं मिळत नाहीत.

बचत गटांसाठी वाट वेगळी आहे. आधीपासून पापड, लोणची, मसाले करणाऱ्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळतं, एका गटात जास्तीत जास्त १० जणींना. ग्रामीण भागात अर्ज उमेद, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत होतो. पैसे आधी बचत गटांच्या संघाला मिळतात, संघ गटाला देतो आणि गट सदस्याला कर्जाऊ देतो. संघाला ते अनुदान असलं तरी सदस्याने ते गटाला परत करायचे असतात, म्हणजे पुढच्या बाईला वापरता येतात. हे न सांगता पैसे वाटले की परतफेडीच्या वेळी गट फुटतात. म्हणून ठरावातच लिहा: कोणाला किती, कशासाठी, किती हप्त्यांत परत. खाली सगळ्यांच्या सह्या. रक्कम कच्चा माल आणि लहान अवजारांसाठीच वापरा, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक खरेदीची पावती एका फाइलला लावा.