स्कीइंगमध्ये अडलेला टप्पा कसा ओलांडावा

गुलमर्ग किंवा औली येथे स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या अनेक हौशी मंडळींची प्रगती एकाच ठिकाणी अडते. स्कीची, म्हणजे पायाला जोडलेल्या लांब पट्ट्यांची, पुढची टोके जवळ आणि शेपट्या दूर ठेवून, म्हणजे ‘स्नोप्लाउ’ करून, त्यांना सौम्य उतारावर वळता आणि थांबता येते. परंतु उतार जरा तीव्र झाला की शरीर मागे कलते, मांड्या भरून येतात आणि स्की ऐकेनाशी होते. अशा वेळी ‘घाबरू नका, वर चला’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मला घातक वाटतो, कारण खरी प्रगती सोप्या उतारावर, शरीराला एखादी नेमकी जाणीव प्रथमच झाली की होते. या जाणिवा कोणत्या क्रमाने मिळवाव्यात, ते पुढे दिले आहे.

आरंभ बुटांपासून करावा. भाड्याने बूट घेताना आरामाच्या मोहाने सैल जोडी निवडली जाते आणि मग पाय बुटात फिरतो, स्की मात्र सरळच जाते. एकच पातळ, लांब मोजा घालावा; पँटची कड बुटात कोंबू नये. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे निसटती टेकावीत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे यावीत आणि टाच मुळीच उचलली जाऊ नये.

यानंतर नडगीकडे लक्ष द्यावे. उतार दिसताच मागे रेलणे ही माणसाची उपजत प्रतिक्रिया आहे, परंतु वजन टाचांवर गेले की स्कीची पुढची टोके हलकी होतात आणि वळण घेण्याची त्यांची क्षमता संपते. म्हणून घोटा वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर सतत टेकलेली ठेवावी. जवळजवळ सपाट जागी सरळ घसरत असताना एका स्कीची शेपटी उचलून टोक बर्फावरच ठेवता येते का, ते पाहावे. जमले तर वजन योग्य जागी आहे असे समजावे. दोन्ही पायांनी हे सहज होईपर्यंत पुढे जाऊ नये.

सर्वांत मोठा बदल बाहेरच्या स्कीवर उभे राहायला शिकल्याने होतो. डावीकडे वळताना उजवी, उजवीकडे वळताना डावी ही बाहेरची स्की. स्की मध्यभागी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असते, त्यामुळे ती कडेवर कलती करून तिच्यावर वजन दिले की ती वाकते आणि स्वतःच वळू लागते. १९९० च्या दशकापासून रूढ झालेल्या ‘कार्व्हिंग’ स्कीमध्ये हा आकार आणखी ठळक आहे. स्नोप्लाउ करतानाच बाहेरच्या पायाच्या अंगठ्याच्या बाजूने हळूहळू दाब वाढवावा आणि त्याच बाजूचा हात गुडघ्याकडे न्यावा, म्हणजे धड त्या स्कीवर येते. भीतीपोटी धड डोंगराकडे झुकले की वजन आतल्या पायावर जाते आणि बाहेरची स्की निसटते. हे साधू लागल्यावर वळणाच्या शेवटी आतल्या स्कीची शेपटी क्षणभर उचलून पाहावी. पायावर भारच नसल्यामुळे ती हलकी होऊन बाहेरच्या स्कीशेजारी आपोआप समांतर येते, आणि ज्याला ‘पॅरलल टर्न’ म्हणतात ते ओढाताण न करता घडू लागते. ऑस्ट्रियातील सेंट अँटन येथे १९०७ पासून शिकवणाऱ्या हान्नेस श्नायडर यांनी आपल्या आर्लबर्ग पद्धतीत असाच स्नोप्लाउपासून समांतर स्कीकडे जाणारा क्रम घालून दिला. म्हणूनच स्नोप्लाउला कमी लेखून घाईने सोडून देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आता वेगाचा प्रश्न. बर्फावर पाणी ओतले तर ते ज्या दिशेने वाहील, त्या दिशेकडे तोंड होताच नवशिक्याच्या पोटात गोळा येतो, आणि तो वळण घाईने ओढून अर्धवट सोडतो. त्यामुळेच वेग वाढत जातो. यावर उपाय म्हणजे वळण शेवटपर्यंत पूर्ण करणे. सौम्य उतारावर सरळ निघावे, एकाच बाजूला वळावे आणि स्कीची टोके चढाकडे वळून शरीर आपोआप थांबेपर्यंत ते वळण धरून ठेवावे. मग दुसऱ्या बाजूने हेच करावे. ब्रेक न लावता केवळ वळणाच्या आकाराने आपण थांबतो, याची शरीराला खात्री पटली की उताराकडे तोंड करण्याची धास्ती बरीच ओसरते.

‘साइड स्लिप’ही शिकून घ्यावी. उताराला आडवे उभे राहून स्की किंचित सपाट केल्या की आपण आडवेच खाली घसरतो आणि कडा डोंगराकडे कलत्या केल्या की थांबतो. चुकून अवघड उतारावर आल्यास हे तंत्र सुखरूप खाली आणते.

सोप्या उतारावर मनात येईल तिथे, दोन्ही बाजूंना थांबता येऊ लागल्यावरच पुढचा उतार निवडावा. गुलमर्गमध्ये सुमारे २,६५० मीटर उंचीवरील पठाराच्या उतारांवर सराव पक्का करून मग प्रशिक्षकासह गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, पहिल्या टप्प्याचा, कोंगदूरीचा, विचार करावा. दुसरा टप्पा अफरवट पर्वताकडे, ३,९०० मीटरच्या वर नेतो. तेथील उतार बहुतांशी यंत्राने सपाट केलेले नसतात आणि हिमस्खलनाचा धोका असतो, त्यामुळे नुकतीच वळणे जमू लागलेल्यांनी तिकडे जाऊ नये.

निघण्यापूर्वी वरच्या बाजूला पाहावे, खाली असलेल्या व्यक्तीचा मार्ग मोकळा ठेवावा आणि थांबायचे झाल्यास उताराच्या कडेला थांबावे. नवीन तंत्र सकाळी, पाय ताजे असताना करून पाहावे. दुपारनंतर बर्फ जड होतो, मांड्या थकतात आणि शरीर पुन्हा मागे रेलू लागते. नडगी बुटापासून सुटू लागली आहे असे जाणवले की त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवावा.